अळणी पाणी

१

टाकीचं झाकण उघडलं की घर कळतं. तीस वर्षं मी घोडेगावात नळाची कामं करतोय. कुणाच्या टाकीत पाल मरून पडलेली असते, कुणाच्या टाकीत पोरांचा बॉल, कुणाच्या टाकीत पारव्याची पिसं. गाळ मात्र सगळ्यांकडे असतो. बोअरचं पाणी म्हटलं की तळाला बोटभर तांबूस थर बसणारच, भिंतीला पांढरे क्षार धरणारच. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, सहा महिन्यांनी टाकी धुवा, तीन महिन्यांनी फिल्टरची कँडल बदला. माणसं मान हलवतात आणि विसरतात.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा खेमचंदशेठचा फोन आला. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. बायको गेली, तसं त्यांनी ते बंद केलं. मुलगा हितेश पुण्यात बिबवेवाडीला. दुकानामागच्या दोन मजली घरात आता पंचाहत्तर वर्षांचे शेठ एकटेच.

"टाकी धुवायची राहिली रे, सोमनाथ," शेठ म्हणाले. "मागच्या वेळी कस्तुर होती. तीच तुला बोलवायची."

"म्हंजे चौदा महिनं झालं, शेठ. लई गाळ असंल."

बादली, ब्रश आणि ब्लीचिंग पावडर घेऊन मी गच्चीवर गेलो. हजार लिटरची काळी टाकी. बोअरचं पाणी मोटारीनं थेट हिच्यात चढतं आणि इथून खाली घरात उतरतं. झाकण काढलं, आत वाकलो.

तळ दिसला. कंपनीनं तळाला उठवलेले आकडे मला वरून वाचता आले.

पाणी काढून टाकलं, आत उतरलो आणि पांढऱ्या फडक्यानं तळ पुसला. फडकं पांढरंच राहिलं. भिंतीवरून नख ओढलं, तर नखात काही आलं नाही. नवीन टाकीलासुद्धा आतून थोडी धूळ असते. हिला तीही नव्हती.

"दुसऱ्या कुणाकडनं धुऊन घेतली का, शेठ?" खाली येऊन मी विचारलं.

"कुणाकडून घेणार? वर कोण चढतंय?"

स्वच्छ टाकी बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण जिना उतरताना मी दोनदा मागं वळून पाहिलं होतं, ते काही शेठना सांगितलं नाही.

२

स्वयंपाकघरातल्या नळाला साधा कँडलचा फिल्टर होता. मीच बसवलेला. तो खोलला. तीन महिन्यांत जी कँडल चिखलाच्या रंगाची होते, ती चौदा महिन्यांनी खडूसारखी पांढरी होती.

खिशात टीडीएस मीटर होता. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की विरघळलेले क्षार किती ते दाखवतं. आधी मागं जाऊन बोअरच्या तोंडाशी मोजलं. सहाशे चाळीस. आमच्याकडच्या बोअरला तेवढं असतंच. मग आत येऊन स्वयंपाकघरातल्या नळाचं मोजलं. तीनशे दहा.

बॅटरी गेली असेल म्हणून बाजारातून नवी आणली. तीनशे दहाच.

गाळाचं एकवेळ समजता येईल. गाळ खाली बसतो, कुठंतरी अडकतो. पण विरघळलेला क्षार कपड्यानं अडत नाही, कँडलनं अडत नाही. त्याला आरओ लागतो, आणि त्या घरात आरओ नव्हता.

शेठनी मला बसवलं. त्याच नळाचं पाणी तांब्याभर पुढं ठेवलं. माझे वडील धर्माजी मेंढरं घेऊन कोकणकड्यापर्यंत फिरलेले. पाणी नुसतं जिभेवर घेऊन ते कुठल्या ओढ्याचं ते सांगायचे. त्यांच्याएवढी माझी जीभ नाही, तरी बोअरचं पाणी मला कळतं. मी घोट घेतला. पाणी गार होतं, घशाखाली उतरलं, पण काही प्यायल्यासारखं वाटलं नाही. मी पुन्हा घोट घेतला. पुन्हा तसंच.

नळाशेजारी भिंतीत एक खिळा होता. कस्तुरकाकी असताना त्यावर पाणी गाळायचं कापड वाळत असायचं. जाड, पांढरं, दुहेरी. मी फिल्टर बसवला त्या दिवशी त्या हसल्या होत्या. "तुझं मशीन असू दे, भाऊ. मी माझं गाळते." पाण्यातला बारकासुद्धा जीव आपल्या पोटात जाऊ नये, मरू नये, म्हणून त्या रोज दुपारी उद्याचं पाणी गाळायच्या. कापडात जे अडकेल ते हलक्या हातानं खळबळून परत जिथलं तिथं सोडायच्या.

"काकींचं गाळणं कुठंय?" मी सहज विचारलं.

"तिच्याबरोबर दिलं," शेठ म्हणाले. "चितेवर. तिच्या हातातली वस्तू होती ती."

३

पंधरा दिवसांनी मी न बोलावता गेलो. नळाचं पाणी मोजलं. पंच्याण्णव. बोअरचं सहाशे चाळीसच.

शेठचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. गालफडं बसली होती.

"जेवताय का न्हाई?"

"जेवतो की. डबा येतो. अळणी लागतो, पण म्हाताऱ्याची जीभच ती."

बोअरपासून टाकीपर्यंत मध्ये काय, तर चाळीस फूट पाइप. दोष तिथंच असणार असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकट्यानं तो सगळा पाइप उतरवला. बारा वर्षांचा पाइप. आतून त्याची भाकरीच्या पापुद्र्यासारखी क्षाराची पुटं निघायला हवीत. मी तुकडा कापून उन्हाकडे धरला. आतून तो काचेसारखा चकाकत होता. नवा पाइप जोडला, मोटार चालू केली, टाकी भरली. दुपार कलली होती. हात धुऊन मी खाली शेठच्या समोर टेकलो. टीव्हीवर कुठली तरी हिंदी मालिका जोरात चालू होती.

मग वरून आवाज आला.

तो मोटारीचा नव्हता. मोटार मी बंद केली होती. पाण्यात कापड घोळल्याचा आवाज होता. खळबळ, खळबळ. मग थोडं थांबून पिळल्यासारखी लांब धार. मग थेंब. पुन्हा खळबळ.

पाइपात हवा असेल, मी मनाशी म्हणालो. नव्या पाइपात हवा राहते, बुडबुडे चढतात. तीस वर्षांत असे बुडबुडे हजारदा ऐकलेत. पण बुडबुड्यांना सवड नसते, ते एकामागं एक येतात. हे कुणीतरी सावकाश, मन लावून करत होतं.

मी शेठकडं पाहिलं. ते वर बघत नव्हते. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला. शेजारच्या खोलीत कुणी काम करत असलं की आपण करतो तसा.

"शेठ, ऐकू येतंय ना तुमाला?"

"चहा घेशील?" ते म्हणाले.

उठताना मी नळाचं पाणी मोजलं. अकरा.

४

आठवड्यानं शेठ न्हाणीघराच्या दारात पडले. शेजारच्यांनी मला बोलावलं, मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगातलं मीठ फार कमी झालंय म्हणाले. सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. "इतकं कमी मी क्वचित पाहिलंय. पाणी कुठलं पितात हे?"

मी मीटरची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ते पाणी बंद करा."

सोपं होतं. मी हितेशला फोन केला. त्यानं पुण्याला चला म्हणून वडिलांना विनवलं. शेठ काही केल्या तयार होईनात. घरी सोडल्यावर मी पण समजावलं.

"शेठ, इथं एकटं राहून काय करताय? तिकडं नातवंडं हायेत."

ते नळाशेजारच्या खिळ्याकडं बघत बसले.

"चौदा महिने झाले, सोमनाथ. सून फोन करते, हितेश येतो, सगळे चांगले आहेत. पण माझ्यासाठी हातानं कुणी काही करतं का? डबेवाला डबा ठेवतो आणि जातो. या घरात एकच जण आहे जो रोज माझ्यासाठी काहीतरी करतोय. ते सोडून मी कुठं जाऊ?"

माझी रोहिणी दोन वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला लेकीकडं चाकणला गेली, ती तिकडचीच झाली. घरी गेल्यावर माझ्यासाठी कुणी दिवाही लावलेला नसतो. शेठ काय म्हणतात ते मला चांगलं कळलं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

शेवटी एवढंच ठरलं, की प्यायला आणि चहाला नळाचं पाणी घ्यायचं नाही. मी वीस लिटरचा बंद जार आणला. मोजून पाहिला, सत्तर होता. बूच घट्ट लावून, वर माझी चिकटपट्टी गुंडाळून, जार गच्चीपासून लांब, खालच्या खोलीत त्यांच्या पलंगाजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. चिकटपट्टी मी लावली तशीच होती. ती मीच सोडवली, बूच काढलं, मीटर बुडवला.

दोन.

५

त्या क्षणापर्यंत मी पाइप, टाकी, कँडल असा विचार करत होतो. बिघाड आहे आणि तो सापडेल, असं धरून चाललो होतो. जाराला पाइप नव्हता.

मी जार मोरीत ओतून टाकला. शेठ पलंगावर बसून बघत होते. त्यांच्या हाताची कातडी मागचा उजेड दिसेल इतकी पातळ झाली होती. घामाचा वास नाही, म्हातारपणाचा वास नाही. त्या खोलीत कसलाच वास नव्हता.

"शेठ, हे आता नुसतं पाण्याचं न्हाई राहिलं. आज हितेशभाऊंना बोलवतो. तुमी हो म्हना नाय तर नको म्हना."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले. गालावरून पाणी ओघळलं, ओठाच्या कोपऱ्यात आलं. त्यांनी ते नकळत जिभेनं टिपलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

त्यांनी बोटानं दुसऱ्या गालावरचं पाणी घेतलं आणि पुन्हा चाखलं.

"सोमनाथ," ते हळूच म्हणाले, "डोळ्यातलं पाणी पण अळणी लागतंय रे."

मी अंगणात जाऊन हितेशला फोन लावला.

"भाऊ, काम सोडा न् निघा. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"हायेत. तुमी येईस्तवर मी हितून हालत न्हाई."

६

हितेशला यायला दोन-अडीच तास तरी लागणार होते. मी समोरच्या दुकानातून मिठाची पुडी आणि ताक आणलं, आणि ताक चांगलं खारट करून शेठना पाजलं. ते मुकाट्यानं प्यायले. "कसं लागतंय?" विचारलं तर त्यांनी चव नाही अशी मान हलवली.

ऊन डोक्यावरून कललं. शेठचा डोळा लागला. मी त्यांच्या छातीकडं बघत बसलो होतो. श्वास चालू होता, पण बारीक. एक श्वास आला की पुढचा येईपर्यंत फार वेळ जायचा.

वरून आवाज सुरू झाला. खळबळ.

मी लक्ष दिलं नसतं. पण कापड पिळलं गेलं आणि शेठचा श्वास थांबला. वर थेंब पडले, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. मी तीन वेळा पाहिलं. तिन्ही वेळा तसंच झालं.

मी जिना चढलो. पळत चढलो असं सांगायला आवडेल, पण प्रत्येक पायरीवर मी थांबत होतो. गच्चीवर लख्ख ऊन होतं. शेजारच्या गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, रस्त्यावरून भीमाशंकरची एसटी हॉर्न वाजवत गेली. सगळं रोजच्यासारखं होतं. मी टाकीचं झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि बाजूला सारलं.

पाण्याखाली वीतभर एक पांढरं कापड ताणलेलं होतं. दुहेरी. टाकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधोमध त्याला झोळ पडला होता आणि झोळात काहीतरी होतं. गाळासारखं नव्हतं. ओंजळभर, धुरकट. ते अगदी हळू फुगत होतं आणि बसत होतं.

कापडाचे कोपरे बोटांनी धरले होते. चार ठिकाणी. बोटं खालून, अंधारातून आलेली होती. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. ती काकींची होती असं मी म्हणणार नाही. काकींना दोनच हात होते.

"काकी," तरी मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. "काकी, पुरं झालं. सोडा त्यांना."

चारही कोपऱ्यांवरची बोटं घट्ट झाली. कापड आणखी ताणलं गेलं, झोळ वर आला, आणि खाली खोलीत शेठ कण्हले. गच्चीवर मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मी हात आत घातला नाही. हे मी हितेशला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. कापड फाडता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी झाकण तसंच उघडं टाकून खाली आलो, शेठना पाठुंगळीला घेतलं आणि घराबाहेर पडलो. वजन म्हणून नव्हतंच. बाजारपेठेतून, माणसांच्या मधून, मी त्यांना थेट बसस्टँडपर्यंत नेलं आणि तिथल्या बाकावर टेकवलं. तिथं त्यांनी मोठा श्वास घेतला, खोकले आणि डोळे उघडले.

हितेशची गाडी आली तेव्हा ते शुद्धीत होते. गाडीत बसताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"मला निरोप तरी घेऊ द्यायचास," ते म्हणाले.

७

शेठ वाचले. पुण्यात महिन्याभरात त्यांच्या अंगावर मांस चढलं. हितेश सांगायचा, जेवतात, नातवाला शाळेत सोडतात, चेहऱ्यावर तेज आलंय. फक्त बोलत नाहीत. दिवसभर गॅलरीत बसतात.

घराची किल्ली माझ्याकडे राहिली. शेठ गेले त्याच आठवड्यात मी मोटारीचे फ्यूज काढून घेतले, टाकीच्या तळाचं बूच उघडून ती मोकळी केली आणि टाकीतून खाली येणारा पाइप कापून दोन्ही तोंडं बंद केली. वर जाताना मी सोबतीला शेजारच्या भिकाला नेलं होतं. कापलेला पाइप कोरडा होता. टाकी रिकामी होती. भिका म्हणाला, "काय राव, नवी कोरी टाकी हाये की." मी हो म्हणालो.

परवा हितेशनं घर एकदा बघून यायला सांगितलं. भाड्यानं द्यायचा विचार होता. सकाळी अकराला मी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि स्वयंपाकघरात आलो. तेवढ्यात फोन वाजला. शेठ होते. पुण्याला गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच मला फोन केला होता.

"हितेश म्हणाला तू घरी जाणार आहेस. पोचलास?"

"आत्ताच आलो, शेठ. तब्येत कशी हाये?"

"चांगली आहे." मग त्यांनी विचारलं, "पाणी बघितलंस?"

मी ओट्याजवळ उभा होतो. नळाखाली पितळेचं पातेलं होतं. ते मी ठेवलेलं नव्हतं.

"सोमनाथ?"

"बघितलं, शेठ."

"कसं आहे?"

मला ठाऊक होतं, ते कशासाठी विचारताहेत. मी खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या एसटीनं ते परत आले असते. कुणी अडवू शकलं नसतं.

"साधं हाये," मी म्हणालो. "खारट, गढूळ. सगळ्यांच्या बोअरला येतं तसंच. नळाच्या तोंडाला क्षार धरलेत."

 पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला. चांगला, भरलेला, निरोगी माणसाचा श्वास.

"म्हणजे गेली ती," शेठ म्हणाले.

"व्हय, शेठ."

"माझ्या मागं घरात थांबली नाही."

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले. "खिडक्या लावून घे जाताना." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फोन खिशात घातला. त्या बंद नळाला धार दिसत नव्हती, थेंब दिसत नव्हता, आवाज नव्हता. इतकं स्वच्छ होतं ते, की डोळ्याला कळतच नव्हतं. फक्त खाली पातेल्यात पाणी चढत होतं.

ते काठोकाठ भरेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.